ताळगाव पठारावरचं संशोधन गावापर्यंत कसं पोचवायचं?

कुशावती

नमस्कार मंडळी. मी केपे तालुक्यात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. काही महिने झाले, रात्रीची आवराआवर झाली की गोवा विद्यापीठाचे पीएचडीचे प्रबंध वाचत बसते. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट वाचता येतात. वाचून मन भरून येतं आणि एक खंतही वाटत राहते. दोन्हीबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण इथे गोव्यातली बरीच जाणती मंडळी आहेत.

ताळगाव पठारावरचं हे विद्यापीठ १९८५ साली सुरू झालं. त्याआधी पणजीत मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र इथली कितीतरी मुलंही पीएचडीची नोंदणी याच विद्यापीठात करतात. त्यामुळे यादी चाळताना खाडीतला गाळ, अंटार्क्टिकाचा बर्फ, सड्यावरची, म्हणजे जांभ्या पठारावरची गवतं, पोर्तुगीज दप्तरं, लोकगीतं, सहकारी बँका असं सगळं एकापाठोपाठ समोर येतं.

एकच विषय जरा खोलात सांगते. पणजीहून रायबंदरला जाताना उजव्या हाताला मिठागरं लागतात. तिथल्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांवर विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात अनेक वर्षं काम चालू आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मिठागराच्या शेवटच्या कप्प्यात, ऐन उन्हाळ्यात, हेच प्रमाण ३०० ग्रॅमच्या घरात जातं. इतक्या खारटात आपल्याला माहीत असलेले बहुतेक जीव सुकून मरतात. हे मात्र तिथेच फोफावतात. बाहेरच्या मिठाशी तोल राखण्यासाठी ते पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरून ठेवतात. त्यांना गोड्या पाण्यात टाकलं तर पेशी फुटतात. अंगातलं लाल रंगद्रव्य कडक उन्हापासून त्यांचं रक्षण करतं. एप्रिलमध्ये कप्प्यातलं पाणी गुलाबी-तांबूस दिसतं ते मुख्यतः यांच्यामुळे.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलानं हात वर केला. "मॅडम, हे आपल्या गोव्यातलं?" पाठ्यपुस्तकात अशा जीवांचं उदाहरण म्हणून मृत समुद्र असतो. त्याला रायबंदर कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी खंत ती हीच. नमुने आपल्या खाडीतले, आपल्या सड्यावरचे. माहिती आपल्या आजी-आजोबांच्या तोंडची. निष्कर्ष मात्र इंग्रजीतल्या दोन-अडीचशे पानांत. ज्यांच्या बांधावर उभं राहून संशोधकानं बाटली भरली, त्यांना त्या बाटलीत काय सापडलं ते कळतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की गोव्याच्या मातीवर, पाण्यावर, माणसांवर झालेल्या प्रत्येक प्रबंधाबरोबर मराठीत आणि कोंकणीत दोन पानांचा सोपा सारांश असावा आणि तो त्या गावच्या पंचायतीत, वाचनालयात, शाळेत पोचावा. तुम्हाला काय वाटतं? कुणी असं केलेलं पाहिलं आहे का?

मिठाचा_खडा

ताई, धागा काढलात, फार बरं वाटलं. पेडण्यात आगरवाड्याला आमच्या घरचं मिठाचं आगर होतं. माझ्या लहानपणी विद्यापीठातली मुलं यायची, बाटल्या भरायची, वडिलांना शंभर प्रश्न विचारायची. वडील उत्साहानं सांगायचे. पाणी तांबूस झालं की मीठ धरायची वेळ जवळ आली, हे त्यांनीच मुलांना सांगितलेलं मला आठवतं. त्या मुलांनी पुढे काय लिहिलं ते वडिलांना कधी समजलं नाही. आता ते नाहीत. तुमचा परिच्छेद मी आईला वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला.

एक विचारायचं आहे. तांबूस पाणी लवकर आटतं असं आमच्याकडे मानतात. त्यात तथ्य आहे का?

कुशावती

आहे. रंगीत पाणी ऊन जास्त शोषतं, त्यामुळे तापतं आणि बाष्पीभवन वाढतं. जगभरच्या मिठागरांत हे दिसलेलं आहे. तुमच्या वडिलांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. आईंना नमस्कार सांगा.

तांबडी_माती

मी सागरविज्ञानात पीएचडी केली आहे, मांडवी-जुवारीच्या गाळावर. संशोधकाची बाजूही मांडायला हवी म्हणून लिहितो.

आधी काम काय असतं ते सांगतो. ओहोटीला खारफुटीच्या कडेला जायचं, पीव्हीसीचा पाइप गाळात सरळ उभा घुसवायचा आणि आतला गाळ न हलवता वर काढायचा. प्रयोगशाळेत पाइप लांबीत चिरला की गाळाचा लांबट दंडगोल मिळतो. वरचा थर कालचा, खालचा पणजोबांच्या काळातला. त्याचे दोन-दोन सेंटीमीटरचे काप करायचे, प्रत्येक काप वाळवायचा, दळायचा, आम्लात विरघळवायचा आणि त्यातला प्रत्येक धातू मोजायचा. कापाचं वय ठरवायला त्यातलं किरणोत्सारी शिसे-२१० मोजतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला गाळ त्यानं मोजता येतो.

आमच्या नद्यांच्या बाबतीत खालून वर येताना लोह आणि मँगनीज वाढत जाताना अनेक अभ्यासांत दिसलं आहे. डिचोली-सत्तरी-सांगे भागातल्या खाणींचं पावसातलं वाहून आलेलं पाणी, बार्जांत भरताना सांडलेलं खनिज, सगळं तिथे नोंदलं गेलेलं असतं. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ मध्ये परत बंद पडल्या. या काळात लोक रस्त्यावर भांडत होते, विधानसभेत भांडत होते. गाळानं काय नोंदवलं आहे याची चर्चा मात्र परिषदांच्या बाहेर फारशी झाली नाही. याचं मलाही वाईट वाटतं.

पण सारांश लिहायला वेळ कुठून आणायचा? शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली. शोधनिबंध छापून आला तरच पुढची नोकरी. मराठीत दोन पानं लिहिली तर ती कुठल्याच तक्त्यात मोजली जात नाहीत. यूजीसीनं २०१८ पासून नियतकालिकांची मान्य यादी ठेवली होती, ती २०२५ मध्ये मोडीत काढली आणि निर्णय विद्यापीठांवर सोडला. निकष ठरवायची मोकळीक विद्यापीठांना मिळालीच आहे, तर गावासाठी केलेल्या लेखनाला त्यात जागा द्यावी. नुसतं "संशोधकांनी करावं" म्हणून होणार नाही.

वाचनवेडी

+१. वाचनखूण साठवली.

खाजनवाला

मी तिसवाडीतला शेतकरी. आमची खाजन शेती आहे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. खाडीच्या भरतीच्या पातळीखालची ही जमीन. पूर्वजांनी बांध घालून ती खाडीकडून मिळवली. बांधात मानस असते. तिची लाकडी दारं भरतीचं पाणी बाहेरून दाबू लागलं की आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतलं पाणी त्यांना उघडून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन असल्याचं सांगतात. पावसाळ्यात पाऊस मीठ धुऊन काढतो, मग भात होतं. भात काढल्यावर काही ठिकाणी खारं पाणी आत घेऊन मासळी करतात.

आमचं दुखणं असं. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी जास्त वेळ आत हवं असतं, शेतकऱ्याला नको असतं. पूर्वी कोमुनिदाद, म्हणजे गावकऱ्यांची जुनी सामाईक संस्था, बांधाची देखभाल करायची. १९६४ चा कूळ कायदा आल्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. बांध फुटला की आता एकमेकांकडे बोट दाखवणं चालतं. आमच्याकडे बांध फुटला त्या वर्षी संबंधित कार्यालयात अर्ज घेऊन मी कितीदा तरी गेलो. पुढचा पावसाळा आला तरी कुणी पाहायला आलं नाही. खारं पाणी शेतात उभं राहिलं आणि दोन हंगाम गेले.

खाजनांवर कितीतरी प्रबंध झाले असतील. इतिहासवाले कोमुनिदादीवर लिहितात, वनस्पतीवाले खारफुटीवर, सूक्ष्मजीववाले मातीतल्या जिवाणूंवर, अर्थशास्त्रवाले कुळांवर. माझं शेत एकच आहे. चौघांनी चार तुकडे केले, ते जोडून मला कुणी सांगत नाही की यंदा मानशीची दारं कधी उघडू.

एक चांगलं उदाहरणही देतो. जुन्या गोव्याजवळ एलाला आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे. त्यांनी आमच्याच कोरगुट भातातून निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ हे खारं पाणी सोसणारे वाण काढले. कोरगुट उंच वाढतं आणि लोळतं, तेवढं सोडलं तर खाऱ्या जमिनीत त्याला तोड नाही. वाण शेतात आला, तेव्हा संशोधन म्हणजे काय ते आमच्या लोकांना कळलं.

कुशावती

खाजनवाला, "माझं शेत एकच आहे" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. विद्यापीठानं आता विभागांच्या जागी महाशाळा केल्या आहेत. सागर, पृथ्वी आणि वातावरण विज्ञान एका छताखाली, समाजशास्त्रं डी. डी. कोसंबी यांच्या नावाच्या महाशाळेत, भाषा शणै गोंयबाबांच्या नावाच्या महाशाळेत. निदान भिंती कमी झाल्या. खाजनासारखा विषय तर एकट्या महाशाळेला पेलणाराच नाही. तिघांनी मिळून एक विद्यार्थी घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दर्यावर्दी

समुद्राबद्दल कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो.

दोनापावलच्या संस्थेनं १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात एका ठरावीक जागी वारंवार जाऊन पाणी तपासलं आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर सरकतं. त्यात प्राणवायू अगदी कमी असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तळाशी तो कधी कधी जवळजवळ संपतो. असं झालं की जिवाणू पाण्यातला नायट्रेट वापरू लागतात आणि नायट्रस ऑक्साइड तयार होतो. तापमान वाढवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट जोरकस. आपल्या किनाऱ्यावरचं हे काम २०००मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. जगभर त्याचे दाखले दिले जातात.

आता आमच्या बाजूनं बघा. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. १ ऑगस्टला ट्रॉलर सुटतात, म्हणजे नेमकं हे पाणी तळाशी पसरलेलं असतं तेव्हा. तळाजवळची मासळी अशा पाण्यापासून सरकते. कुठे सरकते, किती सरकते, हे रापणकारांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना) आणि ट्रॉलरवाल्यांना त्यांच्या जाळ्यावरून कळत असणार, शास्त्रज्ञांना त्यांच्या यंत्रांवरून. दोघं समोरासमोर बसून नोंदी जुळवताना मी पाहिलेले नाहीत. बेतूलच्या जेटीवर एक दुपार हे बोलणं व्हायला हवं. सारांशाचा कागद चांगलाच, पण माणूस आला तर अजून चांगलं.

अमूर्त

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. सगळं संशोधन गावाच्या उपयोगाचं असावं, असा सूर धाग्यात लागतो आहे. मी गणितवाला आहे. माझ्या विषयाचा सारांश कुठल्या पंचायतीत लावणार? आणि लावता येत नाही म्हणून तो कमी मोलाचा ठरतो का? वास्कोत अंटार्क्टिकाच्या बर्फाचे गाभे अभ्यासतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. तेव्हा कुणी विचारलं असतं की वास्कोच्या माणसाला याचा काय उपयोग, तर जहाज हललंच नसतं.

ताईंनी कोसंबींचं नाव घेतलं, त्यांचंच उदाहरण देतो. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, आपल्या कोसंबेचे. गणिती माणूस. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र मांडलं. आनुवंशिकीत ते आजही त्यांच्या नावानं वापरतात. याच माणसानं हजारो जुनी नाणी तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, वजन घटतं, त्या घटीवरून संख्याशास्त्र लावून नाण्यांच्या साठ्याचा काळ-क्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवलं. त्यातून प्राचीन भारताच्या व्यापाराचा इतिहास उभा राहिला. त्यांना कुणी आधी "उपयोग सांगा" म्हटलं असतं तर?

कुशावती

अमूर्त, तुमचं म्हणणं पटतं. शुद्ध संशोधनाला उपयोगाची अट घालावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण समजावून सांगणं वेगळं आणि उपयोग दाखवणं वेगळं. तुम्ही नाण्यांची गोष्ट चार ओळींत सांगितलीत, ती माझ्या मुलांना उद्याच सांगणार आहे. त्यांना नाणी तोलायची नाहीत. पण केप्यापासून फार दूर नसलेल्या गावच्या माणसानं असा विचार केला, हे ऐकून एखादं मूल गणिताकडे वळेल. हेच मला हवं आहे. गणिताचाही सारांश हवा. तो पंचायतीत न लावता शाळेत लावू.

सड्यावरचा

सड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

आपल्याकडे सडा म्हणजे पडीक, असं सरकारी कागदापासून घरच्या बोलण्यापर्यंत सगळे धरून चालतात. जांभा दगड, वर चार बोटं माती, उन्हाळ्यात तवा. पण जुलै-ऑगस्टमध्ये वर जा. गुडघे टेकून बघा. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, बोटभर उंचीची गवतं. माती इतकी निकस की काही झाडं किडे धरून नत्र मिळवतात. विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागानं या गवतांवर, गेंदांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

२०२० मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं भगवान महावीर राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेरच्या सड्यांवरून गवताची एक नवी जात जाहीर केली. तिचं नाव इश्चेमम जनार्थनमी. गोवा विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक एम. के. जनार्थनम यांच्या सन्मानार्थ ते दिलं. एका शिक्षकाचं नाव आपल्या सड्यावरच्या गवताला लागलं, आणि मोले-कुळेच्या किती शाळांत हे सांगितलं गेलं असेल? मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. तिथे काय उगवत होतं हे लोकांना आधी माहीत असतं तर वाद निदान माहितीवर झाला असता.

पोथीपान

इतिहास आणि मराठीबद्दल दोन शब्द. विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. मराठे-पोर्तुगीज संबंधांवर काम करणाऱ्याला त्याला वगळून पुढे जाता येत नाही. आणि गोव्याच्या मराठीचं मूळ शोधायचं तर पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या ग्रंथालयापर्यंत जावं लागतं. केळशीच्या कृष्णदास शामाची १५२६ मधली मराठी 'कृष्णचरित्रकथा' तिथल्याच हस्तलिखितांत सापडली. रामायण-महाभारतातल्या कोंकणी-मराठी कथा रोमी लिपीत उतरवलेल्याही तिथे आहेत. जेझुइट मिशनऱ्यांनी त्या लिहवून घेतल्या.

मराठी विभागातले प्रबंध तर मराठीतच असतात, म्हणजे ते वाचायला अडचण नसावी. पण जुन्या फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले प्रबंध शोधून सापडत नाहीत. संगणकाला ती अक्षरं म्हणजे चित्रं. हे युनिकोडमध्ये आणण्याचं काम कुणीतरी हाती घ्यावं. मी पानं टंकायला तयार आहे.

रानवाट

मी सत्तरीचा. एक कडू गोष्ट बोलतो. आमच्याकडे संशोधनसंस्था येणार म्हटलं की लोकांना आधी जमीन जाणार असं वाटतं. शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून २०२०-२१ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनं तिथला बेत सोडला. त्या दिवसांत आमच्या घरातल्या बायका रात्र-रात्र जागत होत्या. त्या शिक्षणाच्या विरोधात नव्हत्या. त्यांची काजूची झाडं, त्यांचं पाणी जात होतं. म्हणून सारांशाचा कागद घेऊन येणाऱ्यानं आधी बसावं, ऐकावं. गावाला देण्याआधी गावाला विचारावं.

तांबडी_माती

रानवाट, लक्षात ठेवेन.

ताई, मी माझ्या प्रबंधाचा सारांश लिहायला घेतला आहे. पहिलं पान गाळ कसा वाचतात यावर, दुसरं मांडवीत काय दिसलं यावर. नकाशा हातानं काढतो आहे, म्हणजे झेरॉक्स नीट निघेल.

खाजनवाला

आमच्या कूळ संघटनेची बैठक पावसाळ्याआधी होते. बांधाची डागडुजी तिथेच ठरते. तांबडी माती, तुमचा गाळ आमच्याच बांधाला लागतो. त्या दिवशी याल का? तीस-चाळीस माणसं असतील, बहुतेक साठीच्या पुढची. तुम्ही मराठीत बोला, आम्ही कोंकणीत विचारू. दोन्हीकडे समजतं.

तांबडी_माती

येतो. गाळाचा एक कोअर, म्हणजे तो दंडगोलही घेऊन येतो, कापलेला. हातात घेऊन बघता येईल.

कुशावती

मी माझ्या बारावीच्या सहा-सात मुलांना घेऊन येते. रायबंदरच्या मिठागरांवरचा सारांश मी लिहिला आहे, उद्या इथेच टाकते. मिठाचा_खडा, आईंना तो वाचून दाखवा. आगरातल्या कामाच्या पायऱ्या मी प्रबंधांवरून लिहिल्या आहेत. कुठली सुटली असेल तर त्यांनीच सांगावी.

मिठाचा_खडा

आई म्हणते, छापा पण अक्षर मोठं ठेवा.